जंतुनाशक गुळण्या : कुणी, कशासाठी, किती दिवस?

जंतुनाशक माउथवॉशविषयी दंतवैद्यकात सध्या जी चर्चा चालते, तिच्यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. पहिला जुना आहे : या गुळण्यांनी दात-हिरड्यांना नेमका किती फायदा होतो? दुसरा त्यानंतरचा : वर्षानुवर्षे रोज वापरल्यास अपाय होतो का? तिसरा गेल्या दहा-पंधरा वर्षांत पुढे आला आणि त्याने आधीच्या दोन्हींची मांडणी हलवली : तोंडातले जंतू सरसकट मारावेत का? त्यात भर अशी की, ‘माउथवॉश’ या एकाच नावाखाली अगदी वेगवेगळी रसायने विकली जातात. त्यामुळे एका रसायनाचा पुरावा दुसऱ्याच्या नावावर खपतो आणि एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी बसतो. वादाचा निम्मा गोंधळ यातूनच झाला आहे, असे माझे मत आहे.

काढ्यापासून कार्बोलिकपर्यंत

जेवणानंतर चूळ भरणे आपल्याकडे इतके अंगवळणी पडले आहे की त्याला कुणी उपचार म्हणत नाही. आयुर्वेदाने मात्र त्याची शास्त्रीय बैठक बसवली. तोंड गच्च भरून द्रव न हलवता धरून ठेवायचा तो गंडूष. तोंडात घोळवता येईल इतकाच घ्यायचा तो कवल. तिळाचे तेल, काढे, मध, कोमट पाणी अशी द्रव्ये त्यासाठी सांगितली गेली. घरोघरी मिठाचे पाणी, हळद, तुरटी चालत आलीच. जंतू मारणे ही कल्पना यामागे नव्हती, कारण जंतूच माहीत नव्हते.

ते दिसले १६८३ मध्ये. हॉलंडमधल्या डेल्फ्टचा कापडव्यापारी अँटनी व्हॅन लेव्हेनहुक याने स्वतःच्या दातांच्या फटीतला पांढरा मळ भिंगाखाली पाहिला आणि त्यात वळवळणाऱ्या सूक्ष्म जिवांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. त्याने आणखी एक गोष्ट करून पाहिली, ती आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाची. काढलेल्या मळात व्हिनेगर मिसळले की हे जीव मरत. पण तोंडात व्हिनेगर घेऊन दात धुतले, तर मळाच्या वरच्या थरातले तेवढे मरत आणि आतले जिवंत राहत. तीन शतकांहून जास्त काळ लोटला तरी माउथवॉशची मूळ अडचण हीच राहिली आहे.

ग्लासगोत जोसेफ लिस्टर यांनी १८६५ मध्ये जखमांवर कार्बोलिक आम्ल वापरायला सुरुवात केली आणि जंतुनाशकांचे युग सुरू झाले. त्यांचे नाव घेऊन १८७९ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात डॉ. जोसेफ लॉरेन्स यांनी लिस्टरीन तयार केले, ते जखमा आणि शस्त्रक्रियेसाठी. १८९५ पासून उत्पादक कंपनीने ते दंतवैद्यांकडे नेले आणि १९१४ पासून ते चिठ्ठीविना विकले जाऊ लागले. १९२०च्या दशकात जाहिरातींनी तोंडाच्या वासाची धास्ती घराघरांत पोहोचवली आणि शस्त्रक्रियेचे औषध न्हाणीघरातल्या फळीवर जाऊन बसले. हे उत्पादन सर्दी आणि घसादुखी टाळते, असा दावाही अनेक दशके होत राहिला. १९७५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तो खोटा ठरवला. पुढच्या जाहिरातींत तसे स्पष्ट सांगण्याचा हुकूमही दिला आणि १९७७ मध्ये अपील न्यायालयाने तो मुख्यतः कायम ठेवला. जाहिरात आणि पुरावा यांच्यातली ओढाताण या क्षेत्रात पहिल्यापासून आहे, हे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

आरहूसचा प्रयोग

माउथवॉशला शास्त्रीय पाया मिळाला तो डेन्मार्कमधल्या आरहूस इथे. हाराल्ड लोए आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये एक साधा प्रयोग केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना, त्यातले बहुतेक दंतवैद्यकाचेच विद्यार्थी, दात घासणे पूर्ण बंद करायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर त्या पूर्ववत झाल्या. हिरड्यांचा दाह दातांवर साचणाऱ्या जंतूंच्या थरामुळे, म्हणजे प्लाकमुळे होतो, हे इतक्या स्वच्छपणे आधी कुणी दाखवले नव्हते.

पुढचे पाऊल १९७० चे. लोए आणि शिऑट यांनी असाच प्रयोग केला. घासणे बंदच होते, पण ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीनच्या १० मिलीलिटर द्रावणाने दिवसातून दोनदा गुळण्या करायला लावल्या. प्लाक साचला नाही आणि हिरड्याही सुजल्या नाहीत. क्लोरहेक्सिडीन हे ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत मलेरियाविरोधी औषधांच्या संशोधनातून निघालेले रसायन. १९५४ पासून ते त्वचेसाठी आणि जखमांसाठी वापरात होते. त्याचा खास गुण म्हणजे त्याच्या रेणूंवर धनभार असतो. त्यामुळे ते दात आणि तोंडाच्या आतल्या त्वचेला चिकटून बसते आणि बारा तासांपर्यंत हळूहळू सुटत राहते. इतर बहुतेक जंतुनाशके थुंकून टाकली की त्यांचे काम जवळजवळ संपते. म्हणूनच आजही नव्या माउथवॉशची तुलना क्लोरहेक्सिडीनशीच करतात.

पण या प्रयोगाची एक अट पुढे सोयीस्करपणे विसरली गेली. तिथे लोक दात घासत नव्हते, आणि दात सुरुवातीलाच पूर्ण स्वच्छ करून घेतलेले होते. जो माणूस रोज घासतो, त्याला वरून गुळणीने किती जास्तीचा फायदा मिळतो, हा वेगळा प्रश्न आहे. ज्याच्या दातांवर महिन्यांचा टार्टर, म्हणजे घट्ट होऊन बसलेला प्लाक, चढलेला आहे, त्याचा तर आणखीच वेगळा.

बाटलीत काय असते

औषधांच्या दुकानात हेक्सिडीन, रेक्सिडीन, क्लोहेक्स अशा नावांनी मिळतात ती क्लोरहेक्सिडीनची द्रावणे. अमेरिकेत हे ०.१२ टक्क्यांचे आणि फक्त चिठ्ठीवर मिळणारे औषध आहे. आपल्याकडे बहुधा ०.२ टक्के असते आणि मागितले की मिळते. गंमत अशी की, तिकडे १५ मिलीलिटर घ्यायला सांगतात आणि इकडे १०, त्यामुळे दोन्हीकडे तोंडात जाणारे औषध साधारण सारखेच, म्हणजे १८ ते २० मिलिग्रॅम.

दुसरा गट सुवासिक तेलांचा. थायमॉल, युकॅलिप्टॉल, मेंथॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट हे त्यातले चार घटक. थायमॉल ओव्यात असते आणि युकॅलिप्टॉल निलगिरीत, तेव्हा ही चव आपल्याला अगदीच परकी नाही. जुन्या पाककृतीत ही तेले विरघळवायला भरपूर अल्कोहोल लागे, लिस्टरीनच्या मूळ प्रकारात जवळपास २७ टक्के. आता अल्कोहोलविरहित प्रकारही आहेत. तिसरा गट सीपीसीचा, म्हणजे सेटिलपिरिडिनियम क्लोराइडचा. त्याचा परिणाम क्लोरहेक्सिडीनपेक्षा सौम्य. याशिवाय घशासाठी वापरले जाणारे तपकिरी पोव्हिडोन आयोडीन आणि हायड्रोजन पेरॉक्साइडही आहे.

फ्लोराइडच्या गुळण्या याच फळीवर असतात, पण त्या जंतुनाशक नव्हेत. त्या दाताचे कवच बळकट करतात. मुलांमधली कीड त्यांनी सुमारे २७ टक्क्यांनी कमी होते, असे वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१६ च्या आढाव्याने मांडले. कीड रोखण्यासाठी क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्यांची शिफारस मात्र अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये केली नाही. दात किडू नयेत म्हणून जंतुनाशक गुळणी घेणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यायला हवा.

हिरड्यांबाबतचा पुरावा

दात घासण्याला जोड म्हणून क्लोरहेक्सिडीनचा उपयोग किती, याचा सर्वांत सविस्तर हिशेब २०१७ च्या कोक्रेन आढाव्यात आहे. ५१ अभ्यास आणि पाच हजारांहून अधिक माणसे त्यात धरली होती. निष्कर्ष दोन पातळ्यांवर वाचावा लागतो. प्लाक खूपच कमी होतो, याबद्दल शंका राहत नाही. हिरड्यांचा दाहही कमी होतो, पण तो शून्य ते तीन गुणांच्या मोजपट्टीवर चार ते सहा आठवड्यांत सरासरी ०.२१ गुणाने. ज्यांचा दाह मुळात सौम्य आहे, त्यांच्यासाठी हा फरक डॉक्टरला किंवा रुग्णाला जाणवण्याइतका नाही, असे आढाव्याच्या लेखकांनीच नोंदवले. मध्यम किंवा तीव्र दाह असलेल्यांविषयी ठाम बोलण्याइतके अभ्यास त्यांना मिळाले नाहीत. म्हणजे ज्यांना गरज कमी, त्यांच्यावर चाचण्या भरपूर, आणि ज्यांना गरज जास्त, तिथे पुरावा तोकडा.

सुवासिक तेलांचे समर्थक सहा-सहा महिन्यांच्या चाचण्या दाखवतात. त्यांत प्लाक आणि दाह दोन्ही कमी झाल्याचे दिसते. अमेरिकन डेंटल असोसिएशनने १९८७ मध्ये लिस्टरीनला आपली मान्यतेची मोहोर दिली. २००३ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाच्या सल्लागार गटाच्या अहवालानेही तेलांचे मिश्रण आणि सीपीसी यांना हिरड्यांच्या दाहाविरुद्ध सुरक्षित व परिणामकारक म्हटले. विरोधी बाजू या चाचण्या खोट्या म्हणत नाही. तिचे म्हणणे असे की, बऱ्याच चाचण्यांना उत्पादकांचाच पैसा आहे आणि त्यांत तुलना पाण्यासारख्या निष्क्रिय द्रावणाशी होते. दातांमधली फट दोऱ्याने, म्हणजे फ्लॉसने, नीट साफ करणाऱ्याशी ती क्वचितच होते. फ्लॉसशी केलेल्या एका तुलनेवरून ‘फ्लॉसइतकेच गुणकारी’ अशी जाहिरात झाली, तेव्हा न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने २००५ मध्ये ती थांबवली. चाचणीतल्या लोकांनी फ्लॉस नीट वापरलाच नव्हता, हा त्यातला कळीचा मुद्दा ठरला.

युरोपीय पेरिओडोंटॉलॉजी महासंघाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना मधली वाट घेतात. हिरड्यांच्या आजारात यांत्रिक सफाई हा मुख्य उपचार. जंतुनाशक गुळणी विशिष्ट रुग्णांत, जोड म्हणून, विचारात घेता येईल. मला ही भूमिका आजच्या पुराव्याशी सर्वांत जुळणारी वाटते. कारण लेव्हेनहुकने पाहिलेलेच आहे. प्लाक म्हणजे सुटे जंतू नसून स्वतःच तयार केलेल्या चिकट जाळ्यात राहणारी त्यांची वस्ती असते आणि द्रावण तिच्या आत पोहोचत नाही. हिरडीखालच्या खोल कप्प्यांत तर गुळणीचे पाणी शिरतही नाही.

जिथे फारसा वाद नाही

काही ठिकाणी जंतुनाशक गुळणीची जागा पक्की आहे. हिरड्यांच्या शस्त्रक्रियेनंतर टाक्यांवर ब्रश चालवता येत नाही. जबडा मोडल्यावर दात तारेने बांधलेले असतात. अपंगत्वामुळे किंवा म्हातारपणामुळे हात चालत नाही. अशा दिवसांत क्लोरहेक्सिडीन ब्रशची तात्पुरती जागा घेते, आणि इथे आरहूसच्या प्रयोगाची अटही नेमकी लागू पडते.

दाढ काढल्यानंतर रक्ताची गाठ निघून जाऊन हाड उघडे पडते, त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. वेदना भयंकर असते. काढण्याआधी आणि नंतर क्लोरहेक्सिडीन वापरल्यास ते होण्याची शक्यता बहुधा घटते, असे २०२२ चा कोक्रेन आढावा सांगतो. पण पहिले चोवीस तास खळखळून गुळण्या करायच्या नसतात, नाहीतर तीच गाठ सुटते. अनेक रुग्ण नेमके उलटे करतात आणि पहिल्याच संध्याकाळी उत्साहाने बाटली उघडतात.

कोविडच्या काळात उपचाराआधी रुग्णाला गुळणी करायला लावण्याची पद्धत जगभर पसरली. दवाखान्यात उडणाऱ्या तुषारांतले जंतू त्याने कमी होतात, हे आधीपासून ठाऊक होते. गुळण्यांनी कोविड टळतो असा पुरावा नाही, हे मात्र जागतिक आरोग्य संघटनेला २०२० मध्येच स्पष्ट करावे लागले.

अतिदक्षता विभागातली कलाटणी

या विषयाला सर्वांत बोलका धडा दातांच्या दवाखान्याबाहेर मिळाला. श्वसनयंत्रावर असलेल्या रुग्णाच्या तोंडातले जंतू फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. म्हणून त्यांच्या तोंडात क्लोरहेक्सिडीन लावणे हा जगभरच्या अतिदक्षता विभागांतला शिरस्ता झाला. न्यूमोनियाचे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांवरून १८ पर्यंत येते, असा कोक्रेनचा हिशेब आहे. पण २०१४ मध्ये दोन स्वतंत्र विश्लेषणांनी शंका काढली : न्यूमोनिया कमी दिसतो, पण मृत्यू कमी होत नाहीत, उलट थोडे वाढत असावेत. द्रावण श्वासनलिकेत उतरून फुप्फुसाला इजा करत असेल, अशी एक शक्यता मांडली गेली.

कॅनडात मोठी चाचणी घेऊन काही अतिदक्षता विभागांत क्लोरहेक्सिडीन बंद करण्यात आले. २०२१ मध्ये निकाल आला : बंद केल्याने मृत्यूंत फरक पडला नाही, नफाही नाही आणि तोटाही नाही. २०२२ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी हा वापर सर्वसाधारणपणे करू नये असे म्हटले आणि त्याऐवजी रुग्णाचे दात रोज ब्रशने घासावेत अशी शिफारस केली. जंतूंची संख्या घटली म्हणजे रुग्णाचे भले झाले, हे गृहीतक इथे टिकले नाही. वाढीव मृत्यूंची शंका पूर्ण मिटलेली नाही, तशी ती सिद्धही झालेली नाही.

अपाय : किरकोळ, दुर्मीळ आणि वादग्रस्त

किरकोळ अपायांवर एकमत आहे. क्लोरहेक्सिडीन काही आठवडे वापरले की दात आणि जीभ तपकिरी पडते. चहा-कॉफी पिणाऱ्यांची जास्तच, आणि आपण सगळे चहाबाज. अन्नाची, विशेषतः खारट, चव बदलते. टार्टर वाढतो. टूथपेस्टमधल्या फेस आणणाऱ्या सोडियम लॉरिल सल्फेटशी त्याचे जमत नाही, म्हणून घासणे आणि गुळणी यांत किमान अर्धा तास ठेवायला सांगतात. डाग दंतवैद्याकडे निघतात.

दुर्मीळ पण गंभीर अपाय म्हणजे तीव्र अॅलर्जी. अमेरिकी औषध प्रशासनाने २०१७ मध्ये क्लोरहेक्सिडीनच्या त्वचेवरील उत्पादनांबाबत असा इशारा दिला, आणि चिठ्ठीवरच्या माउथवॉशवर तो आधीपासूनच होता.

खरा वाद अल्कोहोलचा. पिण्याच्या दारूला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच कर्करोगकारक ठरवले. मग रोज तोंडात घोळवायच्या अल्कोहोलचे काय? २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मॅकलॉ आणि फराह यांनी आधीचे अभ्यास एकत्र मांडून अल्कोहोलयुक्त माउथवॉशचा दीर्घकाळ सल्ला देऊ नये, असा आग्रह धरला. अल्कोहोलपासून तोंडातच अॅसिटाल्डिहाइड हे कर्करोगाशी जोडले जाणारे रसायन तयार होते, हा त्यांच्या युक्तिवादाचा कणा. उलट बाजूने २०१२ चे एक विश्लेषण आले, त्यात लक्षणीय संबंध आढळला नाही. पुढे २०१६ मध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा ३५ वर्षांहून जास्त काळ किंवा दिवसातून अनेकदा वापरणाऱ्यांत जोखीम वाढलेली दिसली.

दोन्ही बाजूंची अडचण एकच. तंबाखू ओढणारे आणि दारू पिणारे लोक वास लपवण्यासाठी माउथवॉश जास्त वापरतात. कर्करोग कशामुळे झाला हे मग सुटे करणार कसे? हा मुद्दा आपल्याकडे अधिक टोकदार होतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत भारतातील २८.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, आणि २१.४ टक्के लोकांचा वापर धूररहित, म्हणजे खाण्याचा, चघळण्याचा, दातांना चोळण्याचा होता. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी टपऱ्यांवर तो दिसतो; मिसरी लावणाऱ्या बायका खेड्यात आणि शहरातही आहेत. अशा तोंडांवरच्या अभ्यासात माउथवॉशचा धागा वेगळा काढणे जवळजवळ अशक्य आहे. गुटख्याने तोंड आखडलेल्या माणसाला अल्कोहोलची गुळणी झोंबते आणि त्याला ती देण्यात शहाणपण नाही, एवढे मात्र कर्करोगाचा निकाल लागण्याआधीही सांगता येते. अल्कोहोलविरहित पर्याय मिळत असताना हा वाद व्यवहारात बराचसा टाळता येतो.

जिभेवरचे जंतू आणि रक्तदाब

तिसरा प्रश्न सर्वांत नवा आणि अभ्यासकांना सर्वांत गुंतवणारा. पालक, बीट, मुळा यांत नायट्रेट असते. ते रक्तात गेल्यावर लाळग्रंथींमार्गे पुन्हा तोंडात येते. जिभेच्या मागच्या भागातले जंतू त्याचे नायट्राइट करतात, आणि ते गिळल्यावर शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनू शकते. रक्तवाहिन्या सैल ठेवणाऱ्या याच वायूवरच्या संशोधनाला १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. माणसाच्या पेशींना नायट्रेटचे नायट्राइट करणे नीट जमत नाही. हे काम तोंडातले भाडेकरू करतात.

मग भाडेकरूंना रोज हुसकावले तर? लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात विकास कपिल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये १९ निरोगी माणसांना आठवडाभर क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्या करायला लावल्या. तोंडातली नायट्राइटनिर्मिती सुमारे ९० टक्क्यांनी घटली आणि रक्तदाब २ ते ३.५ मिलिमीटर वाढला. २०१५ मध्ये, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या १५ जणांत तीन दिवसांच्या वापराने वरचा आकडा सुमारे २ ने वाढलेला आढळला. पण १७ तरुण स्त्रियांवरच्या २०१६ च्या स्वीडिश अभ्यासात रक्तदाबात काहीच फरक पडला नाही. प्वेर्तो रिकोमधल्या जादा वजनाच्या लोकांच्या दीर्घकालीन पाहणीत, दिवसातून दोनदा किंवा अधिक वेळा माउथवॉश वापरणाऱ्यांत तीन वर्षांत मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था येण्याचे प्रमाण सुमारे ५५ टक्क्यांनी जास्त दिसले.

हे आकडे वर्तमानपत्रात मथळा होण्याजोगे आहेत आणि तसे झालेही. त्यांचे वजन मात्र जपून करायला हवे. प्रयोग झाले ते मूठभर माणसांवर, काही दिवसांचे आणि क्लोरहेक्सिडीनचे. प्वेर्तो रिकोची पाहणी निरीक्षणात्मक. त्यात लोक कोणता माउथवॉश वापरतात याची नीट विभागणी नव्हती. ज्यांच्या हिरड्या आधीच बिघडलेल्या आहेत तेच गुळण्या जास्त करतात, आणि हिरड्यांचा आजार व मधुमेह यांचे नाते तर स्वतंत्रपणे सिद्ध आहे. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे अशा पाहणीत ठरत नाही. तरीही यंत्रणा जैविकदृष्ट्या पटण्याजोगी आहे, म्हणून हा प्रश्न बाजूला सारता येत नाही.

याच्या जोडीला जंतूंच्या प्रतिकारक्षमतेची चिंता आहे. इंग्लंडमध्ये २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगशाळेतल्या कामात क्लेब्सिएला जंतूंना क्लोरहेक्सिडीनची सवय लावली, तेव्हा त्यांतले काही कोलिस्टिन या शेवटच्या फळीच्या प्रतिजैविकालाही दाद देईनासे झाले. तोंडात असे घडते का, हे यातून सिद्ध होत नाही.

तेलाच्या गुळण्या आणि स्वस्त पर्याय

तिळाच्या किंवा खोबरेल तेलाच्या गुळण्या, त्रिफळा, कडुनिंब यांची क्लोरहेक्सिडीनशी तुलना करणारे अभ्यास भारतीय दंत महाविद्यालयांतून गेल्या वीस वर्षांत पुष्कळ झाले. चेन्नईत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिळाच्या तेलाने प्लाक आणि दाह घटलेला दिसला, पण त्यात मुले होती वीस. बाकीचे बरेचसेही असेच लहान आणि थोड्या दिवसांचे. ‘क्लोरहेक्सिडीनइतकेच गुणकारी’ हा त्यांतला आवडता निष्कर्ष लहान अभ्यासात सहज निघतो, कारण फरक पकडण्याइतकी माणसेच नसतात. म्हणून ते खोटे ठरत नाही. नीट तपासलेले नाही, एवढेच म्हणता येते. मिठाच्या कोमट पाण्याचा सल्ला मात्र दंतवैद्य सर्रास देतात. दाढ काढल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते जखम स्वच्छ ठेवते, पैसे लागत नाहीत आणि दात काळे होत नाहीत.

काय उरले आहे

दात टिकतात की पडतात, या अंतिम कसोटीवर माउथवॉशचे मोजमाप झालेले नाही; मोजले जातात ते प्लाकचे आणि दाहाचे गुण, तेही आठवड्यांत किंवा महिन्यांत. मोठी, दीर्घ आणि उत्पादकांच्या पैशावर न चाललेली चाचणी कुणी करावी, हा पेच आहे. स्वस्त, पेटंट संपलेल्या रसायनावर तेवढा खर्च करायला कुणी सहसा पुढे येत नाही. मधुमेही, रक्तदाबाचे आणि वृद्ध रुग्ण यांच्यावर रोजच्या वापराचा परिणाम काय, हे उघडेच आहे. तोंडाच्या वासावरचा २०१९ चा कोक्रेन आढावाही पुराव्याचा दर्जा कमी म्हणून ठोस शिफारस करू शकला नाही, आणि लोक बाटली घेतात ती मुख्यतः वासासाठीच. चांगल्या आणि वाईट जंतूंत निवड करणारी गुळणी बनवण्याचे प्रयत्न चालू आहेत. बाजारातल्या मालाला ती निवड अजून जमत नाही.

तोवर वाचकापुरते सांगायचे ते थोडके आहे. दंतवैद्याने गुळणी लिहून दिली, तर ती कोणत्या रसायनाची आणि किती दिवस घ्यायची हे दवाखान्यातच विचारून घ्या. क्लोरहेक्सिडीन असेल तर उत्तर बहुधा एक-दोन आठवड्यांच्या घरात येईल. आणि घासताना हिरड्यांतून रक्त येणे दोन आठवड्यांत थांबत नसेल, तर दुसरी बाटली आणू नका; हिरड्या तपासून दात साफ करून घ्या.